अहोंचे साठ दिवस

साप पाळणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं माझ्यात काहीच नाही. मी एका विमा कंपनीत डेटा तपासते, फ्रोझन पोळ्या आणते आणि झुरळ दिसलं की अजूनही खुर्चीवर चढते. तरी माझ्या घरात चार वर्षं सहा फुटी बोआ होता, अजगरासारखा बिनविषारी साप. आता नाही. तो का नाही, हे मी आजवर कुणालाही धड सांगितलेलं नाही. जे सांगितलं ते अर्धवट होतं आणि स्वतःला सोयीचं होतं.

घटस्फोट होऊन चार-पाच महिने झाले होते. शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं. एका शनिवारी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले, तर खालच्या हॉलमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना आसरा देणारी एक संस्था मुलांसाठी कार्यक्रम करत होती. कासवं, सरडे, दोन-तीन साप. मी दारातूनच बघत होते. तिथल्या बाईने विचारलं, घ्यायचाय का हातात? मी नाही म्हणायच्या आत तो बोआ माझ्या खांद्यांवर होता. बुळबुळीत असेल असं वाटलं होतं. तो कोरडा होता, आणि चांगला जड. पडू नये म्हणून त्याने माझ्या दंडाला हळूहळू विळखा घातला, आणि मी तिथे, त्या पोराटोरांच्या गर्दीत, रडायला लागले. कित्येक महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. डेंटिस्ट सोडून.

सांगायला लाज वाटते, पण त्याला घरी आणण्यामागचं कारण एवढंच आहे.

त्या संस्थेचा दत्तक घेण्याचा फॉर्म सहा पानी होता. माझ्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी मिळून एवढी चौकशी केली नव्हती. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. आधीचा मालक घर सोडून जाताना त्याला रिकाम्या घरात तसाच टाकून गेला होता. बोआ पंचवीस-तीस वर्षं जगतात, म्हणून फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, की पुढच्या वीस वर्षांची तुमची काय योजना आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या बाईला वीस वर्षांची योजना विचारत होते! मी लिहिलं, मी इथेच असेन. अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभी होते, त्यामुळे ते खोटं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मी अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरात वाढले. आता माझ्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी उंदरांची पिशवी होती. तीन-चार आठवड्यांतून एकदा त्यातला एक काढायचा, वेगळ्या बादलीत कोमट पाण्यात ठेवायचा, पूर्ण वितळला की लांब चिमट्यात धरून त्याच्या काचेच्या पेटीच्या दारातून आत न्यायचा. पहिल्या वेळी मी नाकाला रुमाल बांधला होता. सहा महिन्यांनी मी एकीकडे मीटिंगमध्ये बोलत एका हाताने ते काम करू लागले. "अहो, वाढलंय," असं म्हणायचे. त्याला मी 'अहो'च म्हणायचे. सुरुवातीला चेष्टा होती, मग तीच सवय झाली. लग्नात नऊ वर्षं नवऱ्याला नावाने हाक मारली होती, आणि अहोजाहो करायची हौस फिटली ती इथे.

पेटी दिवाणखान्याची अख्खी भिंत खाऊन बसली होती. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला जरा गारवा, आत दमटपणा किती हे दाखवणारा काटा. संध्याकाळी काम संपलं की मी त्याला बाहेर काढायचे. तो मांडीवरून कमरेमागे जायचा आणि तिथे वेटोळं करून पडायचा. सापाला प्रेम कळत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याला माझी ऊब कळायची. मलाही त्याचं वजन कळायचं, आणि त्या काळात मला तेवढं पुरत होतं. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळे व्हायचे, त्याला नीट दिसायचं नाही, तेव्हाही तो माझ्या हाताला कधी दचकला नाही. या देशात माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी टाकलेला नाही.

मग जुलैमध्ये एके दिवशी सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि माझी नोकरी गेली. साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधून परत. हे गणित इथल्या आपल्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ असतं. मी कॉल संपल्यावर चहा केला, तो प्यायले आणि मग पेटीकडे बघितलं. स्वतःची काळजी मला त्यानंतर वाटली. मला नागपूर होतं, आई होती, कुठेतरी पाठ टेकायला जागा होती. त्याला भारतात नेता येत नव्हतं, कायद्यानेही नाही आणि विमानानेही नाही. त्याला घर शोधायचं, आणि ते साठ दिवसांत. त्या दोन महिन्यांत माझ्यापुढे खरं काम एवढं एकच होतं, आणि ते मला जमलं नाही.

संस्थेला पहिल्याच दिवशी कळवलं. त्यांच्याकडे जागा नव्हती. यादीत नाव घालतो, पण भरवशावर राहू नका, असं उत्तर आलं. मग मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. अर्ध्या तासात चाळीस उत्तरं आली. हसरे चेहरे, हात जोडलेले, नवऱ्याला घाबरवायला एक दिवस भाड्याने देतेस का, असले विनोद. एकाने मनापासून सुचवलं, "फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये सोडून दे ना यार, निसर्गात राहील." शिकागोच्या थंडीत बोआ! मी त्याला काय उत्तर लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहून लगेच डिलीट केलं.

त्या गर्दीतून एकच आशा उभी राहिली. माझ्या मैत्रिणीचं जवळच स्वतंत्र घर होतं, खाली मोठं कोरडं बेसमेंट, आणि तिला साप बघून किळस येत नव्हती. अडचण होती तिच्या सासूबाईंची. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायचे. काकूंबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. घटस्फोटानंतर ज्या मोजक्या मोठ्या माणसांनी मला उपदेश न करता नुसतं जेवायला बोलावलं, त्यात त्या होत्या.

मैत्रिणीचा फोन आला. "यार ऐक, आईंच्या डोक्यात काय आलंय माहितेय? नागपंचमीला तुझ्या त्याची पूजा करायचीय. जिवंत नागाची. एकदा पूजा झाली की त्यांचा सगळा विरोध खल्लास. मग बेसमेंट तुझंच समज."

मी काकूंना फोन करून सांगून बघितलं. "काकू, तो नाग नाही हो. बोआ आहे. दक्षिण अमेरिकेतला."

"अगं, देव काय पासपोर्ट बघून पूजा घेतो का?" काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, या.

आता मला जे लिहायचं आहे ते इथून पुढे आहे. दत्तक फॉर्मसोबत एक पान मिळालं होतं, त्यावर ठळक अक्षरात होतं: घरात धूर नको, सुवासिक मेणबत्त्या नकोत, फवारे नकोत. ते पान मी पेटीच्या बाजूला चिकटवलं होतं. चार वर्षं माझ्या देवासमोर विजेची समई होती आणि उदबत्ती मी बाल्कनीत लावायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

काकू, मैत्रीण आणि आणखी सहाजणी आल्या. सगळ्या नटून, हिरव्या बांगड्या, मेंदी. काकूंनी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही हे सगळं पाळून पहाटे उठून पुरणाची दिंडं उकडून आणली होती. सोबत लाह्या, दूध, दूर्वा, आघाडा. आघाडा इलिनॉयमध्ये त्यांना कुठे मिळाला, देव जाणे. आणि पिशवीतून धूपदान निघालं, कापूर निघाला, उदबत्तीचा पुडा निघाला.

"काकू, धूर नको ना, त्याला चालत नाही," मी म्हटलं.

"धुपाशिवाय कसली पूजा, बाई? दोन मिनिटं. मी जपून करते."

आठजणी माझ्याकडे बघत होत्या. मैत्रिणीने डोळ्यांनी खुणावलं, राहू दे, आता नाही म्हणू नकोस. मला बेसमेंट हवं होतं. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावर चढले आणि छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. इथल्या प्रत्येक मराठी घरात गणपतीला, सत्यनारायणाला हेच करतात, आरतीच्या मध्येच घंटी वाजून फायर ब्रिगेड नको यायला. शेजारी वासाची तक्रार करतात म्हणून खिडक्याही मीच लावल्या. कुणी मला करायला लावलं नाही. स्टूलवर चढलेली मी होते, माझ्या पायांनी चढले होते.

दोन मिनिटांची पाऊण तास पूजा झाली. पेटीचं दार पूर्ण वेळ उघडं, बाहेर एसी. हळद-कुंकू त्याच्या डोक्यावर, दूर्वेने दूध शिंपडलेलं, धूपदान थेट दाराशी. तो आत मागच्या कोपऱ्यात गेला आणि डोकं वेटोळ्याखाली घातलं. "बघा, नमस्कार करतोय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याजणींनी हात जोडले. मीही जोडले. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, पंचाहत्तर वर्षांत मातीच्या आणि पाटावर काढलेल्या नागोबाचीच पूजा केली, हे भाग्य या परदेशात मिळायचं होतं.

जाताना काकूंनी सहज विचारलं, "एरवी खातो काय गं तो?"

मी खरं सांगितलं.

"उंदीर?" काकू दारातच थांबल्या. "अगं, महिन्याभरात आमच्याकडे गणपती बसणार! त्याचं वाहन आमच्याच घरात फ्रीझरमध्ये ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा मेसेज आला. सॉरी यार, आई ऐकतच नाहीयेत, शिवाय त्या म्हणतात देवाला पेटीत कोंडणं पाप आहे, आणि आता पूजा केल्यामुळे तर त्यांना फारच लागतंय. पूजा केली नसती तर कदाचित तो बेसमेंटमध्ये गेला असता. मी फोन उशीखाली ठेवला आणि दिवसभर उठले नाही.

आठवड्याभराने त्याच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. बारीक कुरकुर, सर्दी झालेल्या बाळाची येते तशी. मी स्वतःची समजूत घातली, कात टाकायची वेळ आली असेल. पेटी दोन अंश गरम केली. तो डोकं वर उचलून तसाच बसायचा, तासभर, भिंतीला टेकून. मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते. इंटरव्ह्यू चालू होते, रोज दोन-तीन, त्यांची तयारी करायची होती, असं कारण माझ्याजवळ होतं.

आणि मग संस्थेचा ईमेल आला. जागा झाली आहे. प्रकृती उत्तम असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, घेतो. मी स्क्रीनसमोर ओरडले, खरोखर आनंदाने ओरडले, आणि त्याच दुपारी त्याला उशीच्या अभ्र्यात घालून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर माझ्याहून तरुण होती, शांत, मऊ हाताची. तिने त्याचं तोंड उघडलं तेव्हा आत फेस होता. फुप्फुसात संसर्ग होता. तिने विचारलं, घरात धूर, सेंट, मेणबत्त्या, असं काही? मी म्हटलं, थोडी उदबत्ती. थोडी! ती म्हणाली, सापाला खोकता येत नाही, आत गेलेलं बाहेर काढायला त्याच्याकडे काही नसतं. मग माझा चेहरा बघून तिने घाईघाईने जोडलं, थंडी, ताण, कशानेही होतं, एकच कारण नसतं. ती चांगली बाई होती. मला त्या चांगुलपणाचा काही उपयोग नव्हता.

संस्थेने आजारी साप घेणार नाही म्हणून कळवलं. बरोबरच होतं, त्यांच्याकडे इतर प्राणी होते. बरा झाला की बघू, म्हणाले. माझ्याकडे तेव्हा एकतीस दिवस उरले होते.

दर तीन दिवसांनी इंजेक्शन. डॉक्टरने शिकवलं. डाव्या हाताने त्याला मांडीवर दाबून धरायचं, खवल्यांच्या मध्ये सुई घालायची. ज्या हाताला तो कधी दचकला नव्हता त्या हाताखाली तो आता ताठ व्हायचा. नऊ इंजेक्शनं दिली. उंदीर दोनदा वितळवला आणि दोनदा टाकून दिला. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आता तो बेडरूममध्येही ऐकू यायचा. नोकरीच्या शेवटच्या फेरीपर्यंत तीन ठिकाणी पोचले, तिन्हीकडून नकार. वकिलाने सांगितलं, व्हिजिटर म्हणून राहायचा अर्ज करता येतो, काही महिने मिळतील, पण पुढे भानगडी होऊ शकतात. भानगडी हा शब्द ऐकून मी तो विचार सोडला. मी घाबरट आहे. मी नागपूरचं तिकीट काढलं.

पंचावन्नाव्या दिवशी डॉक्टर म्हणाली, औषध बदलून आणखी दोन-तीन महिने द्यावं लागेल, वाचेल की नाही सांगता येत नाही, आणि रोज बघणारं माणूस लागेल. आहे कुणी? मी म्हटलं, नाही. मग तिने दुसरा पर्याय सांगितला, आणि मी सही केली. सही करायला मला फारसा वेळ लागला नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. मी थकले होते. मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याबद्दल मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो माझ्या दंडावर होता, विळखा हळूहळू सैल झाला. मग दुसरं. थोड्या वेळाने तिने त्याच्या अंगावर एक छोटं यंत्र टेकवलं, त्यातून हृदयाचे ठोके ऐकू येतात. ठोके येत होते. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, तो गेला आहे, त्याला आता काही कळत नाही, पण सापाचं हृदय लगेच थांबत नाही. किती वेळ? कधी कधी काही तास, ती म्हणाली, तुम्ही थांबायलाच हवं असं नाही.

मी थांबले. ती खोली त्यांनी मला तशीच बसू दिली. सकाळचे अकरा वाजले होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी ती आत यायची, यंत्र टेकवायची, आम्ही दोघी ऐकायचो आणि ती निघून जायची. माझ्या हाताखाली तो गार होत गेला. ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. पावणेदोनला तिने यंत्र टेकवलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. काही आलं नाही. तिने मान हलवली. मी हात धुतले आणि घरी आले.

पेटी मी त्याच दिवशी स्वच्छ पुसून संस्थेला देऊन टाकली. मैत्रिणीला मेसेज केला, त्याची सोय झाली. तिने उत्तरात लाल बदामांची चिन्हं पाठवली. तिला वाटलं संस्थेने घेतला. मी तसं वाटू दिलं.

सत्तावन्नाव्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या कंपनीतून फोन आला. दुसऱ्या टीममध्ये एकजण सोडून गेला होता, माझे कागद अजून रद्द झाले नव्हते, सोमवारपासून येऊ शकशील का? पलीकडचा माणूस आनंदाने बोलत होता. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि जिथे पेटी होती त्या भिंतीशी खाली बसले. दोन दिवस. मी दोन दिवस थांबले असते तर त्याला रोज बघणारं माणूस होतं. मी होते.

तिकीट कॅन्सल केलं. अभिनंदनाचे मेसेज दिवसभर येत राहिले. काकू गणपती झाल्यावर पुण्याला परतल्या होत्या, त्यांना सुनेने कळवलं असणार. संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे पहाट होती, केस मोकळे, डोळे भरलेले.

"बघ, पावला की नाही नागोबा तुला!" काकू म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं. अगं, त्या संस्थेत ठेवलायस ना त्याला, त्यांच्याकडे जाऊन परत घेऊन ये. आता तू राहतेयस ना तिथेच. कसा आहे तो?"

"बरा आहे, काकू," मी म्हटलं.

"आण हो त्याला. आणि नीट सांभाळ."

"हो," मी म्हटलं. "सांभाळते."